शिरेतून दिलेले एक औषध आणि दुसऱ्याचा निचरा

(बेळगुंदी परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारीवर्ग यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव शहराच्या पश्चिमेकडील बेळगुंदी, राकसकोप या पट्ट्यात पावसाळा कसा असतो, हे येथील लोकांना सांगावयास नको. भाताची खाचरे तुडुंब भरलेली, घराच्या भिंतींना ओल आलेली, आणि अशा दिवसांत दम्याच्या रुग्णाची रात्र अंथरुणावर बसून काढण्यात जाते. पहाटे त्याला जवळच्या दवाखान्यात नेले जाते. तेथे शिरेतून एक इंजेक्शन दिले जाते आणि बहुधा अर्ध्या तासात त्याचा श्वास मोकळा होतो. हे इंजेक्शन पुष्कळदा थिओफायलिन या औषधाचे किंवा त्याच्याच कुळातील अ‍ॅमिनोफायलिनचे असते. खेडोपाडी ‘डेरिफायलिन’ या नावाने जे औषध ओळखले जाते, त्यातही थिओफायलिन हा एक घटक आहे. आजच्या विवेचनाचा विषय हेच औषध आहे. परंतु त्याने दमा कसा बरा वाटतो हे सांगणे हा हेतू नाही. ते शरीरातून बाहेर कसे पडते, आणि त्याच शिरेतून दिलेले दुसरे एखादे औषध त्याची ही वाट कशी अडविते, हा खरा प्रश्न आहे.

औषध शरीरात जाते याकडे सर्वांचे लक्ष असते. ते बाहेर जाते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. भातशेती करणाऱ्यास मात्र हा विचार नवा नाही. खाचरात पाटाचे पाणी एका बाजूने येते आणि बांधाला ठेवलेल्या तोंडातून दुसऱ्या बाजूने जाते. पाणी जसजसे चढते तसतसा तोंडातून जाणारा ओघही वाढतो आणि काही वेळाने येणारे व जाणारे पाणी समसमान होऊन पातळी एका जागी ठरते. आता पाटाचे पाणी तेवढेच ठेवले आणि बांधाच्या तोंडात गवताचा बोळा अडकला, तर काय होईल? पाटाकडे पाहणाऱ्या माणसाला काहीच बदललेले दिसणार नाही. पण खाचरातील पाणी चढत जाऊन अखेर रोपे बुडतील. रक्तातील औषधाची स्थिती अगदी हीच आहे. सलाईनच्या नळीतून ठरलेल्या वेगाने औषध येत असते. यकृत आणि मूत्रपिंडे ही त्याची बाहेर जाण्याची तोंडे होत. काही औषधे जशीच्या तशी मूत्रावाटे निघून जातात, तर काहींचे यकृतात आधी विघटन व्हावे लागते. थिओफायलिन मोठ्या माणसात मुख्यत्वे यकृतातच मोडले जाते आणि हे काम तेथील एका ठराविक विकराकडे आहे. सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या मोठ्या कुटुंबातील तो एक सदस्य असून शास्त्रज्ञ त्याला ‘एक-ए-दोन’ अशा खुणेने ओळखतात. नाव विसरले तरी चालेल. बांधाचे तोंड लक्षात असले म्हणजे पुरे.

थिओफायलिनचा शोध जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ मध्ये चहाच्या पानांतून ते वेगळे काढले. चहातील त्याचे प्रमाण अत्यल्प असते, त्यामुळे चार कप चहा पिऊन दमा उतरेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. अ‍ॅमिनोफायलिन हे त्याचे पाण्यात सहज विरघळणारे रूप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाले आणि १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांनी ते दम्याच्या तीव्र झटक्यात शिरेतून देऊन पाहिले. पुढे कित्येक दशके जगभर दम्यावरील हे एक प्रमुख इंजेक्शन होते. आज तसे राहिलेले नाही. श्वासावाटे घ्यावयाची औषधे, म्हणजे पंप व नेब्युलायझर, आणि स्टेरॉइड यांना आता अग्रक्रम आहे, आणि दम्याच्या झटक्यात अ‍ॅमिनोफायलिन नेहमीचे औषध म्हणून देऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तथापि ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, आणि ‘सुई टोचल्याशिवाय गुण नाही’ ही समजूतही अजून गेलेली नाही. त्यामुळे ग्रामीण भागात त्याचा वापर चालूच आहे.

या औषधाचा स्वभाव असा की त्याच्या गुणाची आणि अपायाची पातळी एकमेकींना अगदी लागून आहे. रक्ताच्या द्रवाच्या दर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची गुणकारी पातळी पूर्वापार मानली गेली. अलीकडे पुष्कळ वैद्य ५ ते १५ एवढ्यावरच थांबावे असे म्हणतात. २० च्या वर गेल्यास मळमळ, उलट्या, छातीत धडधड, हातांस कंप आणि झोप उडणे ही लक्षणे दिसू लागतात. ४० च्या आसपास व त्यापुढे आकडी येण्याचा आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. यातली सर्वांत वाईट गोष्ट ही की आधी उलटी होईल, मग थरथर सुटेल आणि मगच आकडी येईल, असा क्रम पाळण्यास हे औषध बांधील नाही. कधी कधी आकडी हेच पहिले लक्षण असते. म्हणून हे औषध शिरेत झटकन ढकलू नये, सुरुवातीची मात्रा वीस ते तीस मिनिटे घेऊन सावकाश द्यावी, असा नियम आहे.

एवढ्या अरुंद बांधावरून चालणाऱ्या औषधाचा निचरा सर्वांत सारखा असता तरी काम सोपे झाले असते. तो तसा नाही. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी प्रौढाच्या रक्तातील थिओफायलिन निम्मे होण्यास साधारण ८ तास लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात हाच काळ ४ ते ५ तासांवर येतो. हृदय दुबळे झालेल्या किंवा यकृत खराब झालेल्या रुग्णात तो २४ तासांहूनही लांबू शकतो. नवजात बालकाचे यकृत अपक्व असल्याने त्याच्यातही निचरा फार मंद असतो. केवळ तापाच्या साथीनेही हे तोंड अरुंद होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात इन्फ्लुएन्झा-बी ची साथ आली, तेव्हा दम्यासाठी थिओफायलिन नेहमीच्याच मात्रेत घेणाऱ्या काही मुलांत विषबाधेची लक्षणे दिसली. मात्रा वाढली नव्हती. निचरा कमी झाला होता.

येथे निपाणीचा उल्लेख येणे अपरिहार्य आहे. बेळगावच्या उत्तरेस सुमारे ७५ किलोमीटरवर असलेले हे गाव बिडीच्या तंबाखूसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. १९८१ साली तेथे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचे मोठे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. तो इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे प्रस्तुत आहे तो तंबाखूचा धूर. १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांच्या असे लक्षात आले की धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून थिओफायलिन इतरांपेक्षा दीडपट ते दुपटीने वेगाने निघून जाते. याचे कारण निकोटिन नव्हे. तंबाखू जळताना धुरात जी काजळीसारखी संयुगे तयार होतात, ती यकृताला त्या ‘एक-ए-दोन’ विकराचे अधिक उत्पादन करण्यास भाग पाडतात. बांधाचे तोंड रुंद होते, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून एक सूक्ष्म भेद ध्यानात येतो आणि तो या भागात विशेष अगत्याचा आहे. चुना-तंबाखू चघळणारा, मशेरी लावणारी, किंवा दिवसभर बसून बिड्या वळणारी स्त्री यांच्या शरीरात तंबाखू जाते, पण तिचा धूर जात नाही. म्हणून त्यांच्यात थिओफायलिनचा निचरा असा वाढत नाही. डॉक्टरांनी ‘तंबाखू आहे का?’ असे विचारले आणि रुग्णाने ‘हो’ म्हटले, तर त्या एका शब्दावरून काहीच निष्पन्न होत नाही. ओढतो की चघळतो, हे विचारलेच पाहिजे. (चघळण्याने अन्य जे अनर्थ होतात, ते यावरून टळले असे कोणी समजू नये.)

आता असा एक रुग्ण कल्पावा की जो वीस वर्षे रोज दोन कट्टे बिड्या ओढीत आला आहे. दम्यासाठी त्याला थिओफायलिनच्या गोळ्या चालू आहेत. इतरांना पुरणारी मात्रा त्याला पुरली नाही, म्हणून ती वाढविण्यात आली आणि रक्तातील पातळी १२ वर स्थिर झाली. सर्व ठीक चालले. पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ साठला, ताप आला आणि त्याला रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे बिडी ओढण्यास अर्थातच मनाई. आणि ती योग्यच आहे. पण धूर थांबताच यकृतातील ते जादा विकरही ओसरू लागते. धूम्रपान सोडणाऱ्यांवर झालेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका आठवड्यात निचरा एकतृतीयांशाहून अधिक, म्हणजे सुमारे ३८ टक्के घटल्याचे आढळले. आता ढोबळ हिशेब करावा. औषध तेवढेच येत आहे आणि बाहेर जाण्याचे प्रमाण १०० वरून ६२ वर आले, तर १२ ला ०.६२ ने भागावे. उत्तर १९ च्या पुढे येते. रुग्णाने काही चूक केली नाही, डॉक्टरांनी मात्रा वाढविली नाही, आणि तरीही तो धोक्याच्या काठावर येऊन उभा राहिला.

याच वेळी त्याच्या छातीतील जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची १०० मिलिलिटरची बाटली शिरेतून लावली जाते. हे प्रतिजैविक उपयुक्त आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभर त्याने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. परंतु थिओफायलिन मोडणाऱ्या त्याच विकराला ते अडवून धरते. या जातीच्या औषधांची ही खोड प्रथम ध्यानात आली ती १९८४ मध्ये नेदरलँड्समध्ये. एनॉक्सॅसिन हे त्यांच्यातीलच एक औषध घेणाऱ्या काही दमेकरी रुग्णांना मळमळ व उलट्या होऊ लागल्या, आणि त्यांचे रक्त तपासता थिओफायलिनची पातळी अनपेक्षितपणे चढलेली आढळली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळे निचरा साधारणपणे पाव ते एकतृतीयांश घटतो. काही व्यक्तींत त्याहून बराच अधिक. वरील रुग्णाच्या १९ च्या पातळीला, तीस टक्के घट धरून, ०.७ ने भागले तर सुमारे २७ येते. अशा रीतीने १२ ची पातळी २७ वर गेली आणि पत्रकावरील थिओफायलिनच्या मात्रेचा आकडा मात्र एकदाही बदलला नाही. ही केवळ कागदावरची भीती नाही. ही दोन औषधे एकत्र दिल्याने आकडी येणे, हृदयक्रिया बंद पडणे आणि मृत्यू ओढवणे असे प्रकार नोंदले गेले आहेत, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात तशी स्पष्ट ताकीद छापलेली असते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन बाटलीतून न देता गोळी दिली तर भागेल काय, असा प्रश्न साहजिकच येईल. भागणार नाही. शिर आणि तोंड हा आत येण्याच्या वाटेतील फरक आहे. शिरेतून औषध सगळेच्या सगळे आणि तात्काळ रक्तात येते, एवढेच. अडथळा घडतो तो यकृतात, आणि तेथे ते कोणत्या वाटेने पोहोचले याची चौकशी होत नाही. उपाय आहे तो निवडीत. त्याच कुळातील लेव्होफ्लॉक्सॅसिन हा अडथळा जवळजवळ करीत नाही. एरिथ्रोमायसिन निचरा कमी करते, पण त्याचे नातलग अ‍ॅझिथ्रोमायसिन सहसा करीत नाही. आम्लपित्तासाठी एके काळी सर्रास दिले जाणारे सिमेटिडिन निचरा अडविते; पॅन्टोप्राझोल अडवीत नाही. कोणते द्यावे हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु तो रुग्ण आधीपासून थिओफायलिन घेतो आहे, हे त्यांना कळले तरच ते ठरवू शकतील.

चहाची एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. चहा-कॉफीतील कॅफिन हे थिओफायलिनचे सख्खे भावंड असून त्याचा निचराही त्याच तोंडातून होतो. म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असताना नेहमीएवढाच चहा पिऊनही काहींना छातीत धडधडते आणि रात्री झोप लागत नाही. लोक त्याला ‘औषधाची उष्णता’ म्हणतात.

निचरा अडविण्याचे सर्वच प्रकार अनिष्ट असतात असे मात्र नाही. पेनिसिलिन मूत्रपिंडांवाटे इतक्या झपाट्याने निघून जाते की रक्तातील त्याचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सुमारास निम्मे होते. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनने उपचार झालेल्या पहिल्या रुग्णाच्या वेळी ते इतके दुर्मीळ होते की त्याच्या मूत्रातून ते परत मिळवून पुन्हा त्यालाच टोचण्यात आले. पुढे १९५० च्या सुमारास प्रोबेनेसिड नावाचे औषध तयार झाले. मूत्रपिंडातून पेनिसिलिनला बाहेर काढणारी वाट ते अडविते आणि थोड्या पेनिसिलिनमध्ये अधिक काळ काम होते. येथे बांधाचे तोंड जाणूनबुजून, मोजूनमापून बंद केलेले आहे. नकळत अडकलेला तो बोळा नव्हे.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे आणि क्षयरोगाच्या उपचारात तो वारंवार समोर येतो. रिफॅम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध यकृतातील अनेक विकरांचे उत्पादन वाढविते. परिणामी थिओफायलिनच नव्हे, तर स्टेरॉइड, संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन अशी कित्येक औषधे लवकर निघून जातात आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते. मोठ्या रुग्णालयांतील आणखी एक उदाहरण असे: फिट्सच्या रुग्णाला व्हॅल्प्रोएट चालू असताना गंभीर जंतुसंसर्गासाठी शिरेतून मेरोपेनेम दिले, तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांतच साठ टक्क्यांहून अधिक घसरू शकते आणि थांबलेल्या फिट्स परत येतात. घरचे लोक म्हणतात, गोळ्या तर वेळेवर देतो आहोत! त्यांचे म्हणणे खरेच असते.

रक्तातील थिओफायलिन मोजण्याची सोय शहरातील मोठ्या प्रयोगशाळांतच असते आणि पहाटे तीन वाजता धाप लागलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. गावात उपयोगी पडेल ती माहिती. या सीमाभागात ती वाटेत हरविण्याची शक्यता अधिक आहे. रुग्ण सकाळी गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो, सायंकाळी बेळगावच्या रुग्णालयात दाखल होतो. निपाणीकडील रुग्ण कित्येकदा कोल्हापूर गाठतो. एका ठिकाणचा कागद कानडीत, दुसऱ्या ठिकाणचा मराठीत, औषधाचे वेष्टन इंग्रजीत, आणि रुग्ण म्हणतो, ‘पांढरी गोळी आणि एक सुई.’ यास्तव घरातील शिकलेल्या मुलाने, आणि तसा कोणी नसल्यास गावातील शिक्षकाने, दम्याच्या रुग्णासाठी एक साधी वही घालून द्यावी. तीत चालू गोळ्यांची नावे वेष्टन समोर धरून उतरवावीत. दवाखान्यात इंजेक्शन घेतले तर त्याचे नाव, तारीख व वेळ तेथेच विचारून लिहून घ्यावी. बिडी ओढत असल्यास रोज किती, आणि सोडली असल्यास कोणत्या तारखेपासून, हेही लिहावे. कारण वर पाहिल्याप्रमाणे बिडी सोडल्याची तारीख ही सुद्धा औषधाच्या मात्रेशी संबंधित माहिती आहे. बिडी सुटणे हे रुग्णाच्या फुप्फुसांसाठी सर्वांत उत्तम औषध आहे यात शंका नाही. मात्र ती सुटताच डॉक्टरांना सांगून थिओफायलिनची मात्रा तपासून घ्यावी. सलाईन चालू असलेल्या रुग्णास मळमळ, धडधड किंवा हाताला कंप सुटल्यास ‘अशक्तपणा असेल’ म्हणून गप्प बसू नये; परिचारिकेस तत्काळ सांगावे. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये किंवा वाढवूही नये.

औषधाने अपाय झाल्याची शंका आल्यास त्याची नोंद करण्याची सोय सरकारने केली आहे. भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. नोंद केवळ डॉक्टरांनीच करावी असे बंधन नाही. रुग्ण अथवा त्याचे नातेवाईकही ती करू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून सामान्य नागरिकांसाठीचा नोंदपत्रक-नमुना मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत काढण्यात आला आहे. संशयित औषधाबरोबर त्याच सुमारास घेतलेल्या इतर सर्व औषधांची नावेही पत्रकात अवश्य लिहावीत. आणलेल्या वहीचे ते पान अशा वेळी समोर ठेवले की पत्रक भरण्यास फार वेळ लागत नाही.